किट निगेटिव्ह, स्लाइड निगेटिव्ह आणि माणूस थडथड उडतोय

गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यात एका पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राला, मी एलटी, म्हणजे लॅब टेक्निशियन, होते तेव्हाची गोष्ट. जुलै संपत आलेला, पर्लकोटा नदी पुलावरून वाहतेय म्हणजे तालुका बाहेरून तुटलेला, लाईट कधी येईल माहीत नाही आणि टेबलावर स्लाइडींचा ढीग. आमच्याकडे पावसाळ्यात ताप म्हटलं की आधी हिवताप, मग बाकी सगळं. आशा आणि आरोग्यसेवक गावोगाव बोटं टोचून एका काचेवर रक्ताचा जाड थेंब आणि पातळ पसरलेला थर, म्हणजे स्मिअर, असं दोन्ही काढून पाठवतात. दमट हवेत त्या लवकर वाळत नाहीत आणि वाळल्या की झुरळं येऊन रक्त खाऊन जातात. हे सांगितलं की लोक हसतात, पण अर्धा थेंब गायब झालेली स्लाइड मी स्वतः पाहिलीय.

तर बुधवारी सकाळी एक आशाताई एका माणसाला पूर नसलेल्या वाटेने, म्हणजे जंगलातून चालवत घेऊन आली. पस्तिशीचा असेल, माडिया, त्याचं बोलणं तीच आम्हाला सांगत होती. म्हणाली, ताई याची स्लाइड मागच्या आठवड्यात पाठवली होती, तुम्ही निगेटिव्ह सांगितलंत, किटपण निगेटिव्ह, पण याचा ताप काही जात नाही. मी जरा वैतागूनच म्हटलं, व्हायरल असेल. तर ती म्हणे, नाही ताई, याचा ताप टायमाने येतो. सोमवारी आला, मग गुरुवारी, मग रविवारी. मधले दोन दिवस हा चिखलणीला जातो, काही झालंच नाही असा.

सोमवार, गुरुवार, रविवार. म्हणजे आज बुधवार, आज परत. मी बोटं मोजली आणि खरं सांगते, पोटात गोळा आला. ट्रेनिंगमध्ये हे घोकून घेतलेलं असतं की हिवतापाचे पीव्ही (व्हायवॅक्स) आणि पीएफ (फाल्सिपेरम) हे जंतू 48 तासांचे, म्हणजे ताप एक दिवसाआड, आणि पीएम (मलेरिई) 72 तासांचा, म्हणजे ताप दोन दिवस सोडून, गोल्जी नावाच्या इटालियन डॉक्टरने 1886 च्या सुमाराला तापाच्या पाळीवरून हे वेगवेगळे जंतू आहेत असं दाखवलं होतं. पण घोकणं वेगळं. नोकरीच्या आठ वर्षांत पीएम मी ट्रेनिंगच्या डब्यातल्या स्लाइडीशिवाय कुठे पाहिलाच नव्हता.

लगेच बोट टोचलं, रक्ताच्या थेंबावर लगेच निकाल देणारं किट परत लावलं. परत कंट्रोलची एकच रेघ, म्हणजे निगेटिव्ह. आमच्या त्या किटला पीएफ आणि पीव्ही एवढंच कळतं, तिसरं कोणी आलं तर ते गप्प बसतं. जाड थेंब वाळायला तासभर तरी लागला, मग स्लाइड जेएसबी नावाच्या रंगात रंगवली, इन्व्हर्टर बंद म्हणून मायक्रोस्कोप खिडकीशी नेला आणि आरशाने ढगाळ उजेड आत घेतला. तेलाचा थेंब, शंभरची लेन्स. वीस फील्ड काही नाही. तिसाव्याच्या आसपास एक घट्ट, गोल, काळपट दाणा, तपकिरी पिगमेंट ठासून भरलेलं. पीव्ही असता तर पसरलेला, हातपाय काढल्यासारखा वेडावाकडा दिसला असता. हा अगदी आटोपशीर. पण जाड थेंबात लाल पेशी फुटून गेलेल्या असतात, त्यामुळे पेशीचा आकार बघायचा तर पातळ स्मिअरवरच जावं लागतं, आणि पातळ स्मिअरमध्ये शोधणं म्हणजे भाताच्या पोत्यात खडा शोधणं, त्यातून हा जंतू रक्तात असतोच थोडा.

पाऊण तास गेला. बाहेर त्या माणसाला हुडहुडी भरायला लागलेली, बाकडं वाजत होतं त्याचा आवाज आत येत होता. आणि मग दिसला. लाल पेशी नेहमीच्याच मापाची, पीव्हीत होते तशी फुगलेली नाही, गुलाबी ठिपके नाहीत, आणि तिच्या मधोमध एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत निळा पट्टा, कमरेला करदोडा बांधावा तसा. बँड फॉर्म, पीएमची खूण! पुढे दहा-बारा फील्डवर तर शायझाँट, म्हणजे पिल्लं भरून फुटायला आलेला जंतू, मधे पिगमेंटचा तपकिरी ठिपका आणि भोवती आठ पाकळ्या. दारात काढतो ती ठिपक्यांची रांगोळीच. मी आशाताईला दाखवलं, तिने एक डोळा हाताने झाकून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, ह्या एवढ्याशाने तो बाकडं हलवतोय?

आयपीसला मोबाईल लावून फोटो काढले, गच्चीवर एका कोपऱ्यात नेटवर्कची एक काडी येते तिथे उभं राहून हिवताप ऑफिसच्या जुन्या एलटीकाकांना पाठवले. त्यांचा फोनच आला. पहिलं वाक्य, "ती स्लाइड पुसू नकोस." दुसरं, "आधीची कुठाय?"

हेच मला नको होतं. आधीची निगेटिव्ह मीच दिली होती ना. आमच्याकडे निगेटिव्ह स्लाइडींपैकी थोड्या क्रॉसचेकला जातात, बाकीच्या धुवून परत वापरायच्या. ती धुवायच्या खोक्यातच सापडली, पेन्सिलचा नंबर अजून वाचता येत होता. परत खिडकीशी बसले. नियम असा की जाड थेंबाची 100 फील्ड बघितल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचं नाही. 62 व्या फील्डला जंतू बसलेला होता. झुरळाने खाल्लेला नाही, रंग बिघडलेला नाही, स्वच्छ. त्या दिवशी माझ्या रजिस्टरला 117 स्लाइडी आहेत, एका माणसाला एका दिवसात साठ-सत्तरच्या वर नीट बघता येतच नाहीत, हे सगळं खरं आहे, पण मी 62 पर्यंत गेलेच नव्हते हेही खरंच आहे.

डॉक्टरांना दोन्ही स्लाइडी दाखवल्या. ते काही बोलले नाहीत, औषध लिहिलं, एवढंच म्हणाले की हा लिव्हरमध्ये दडून बसत नाही त्यामुळे पीव्हीसारखी 14 दिवसांची प्रायमाक्विन नको, पण रक्तात मात्र वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो, घरातल्या सगळ्यांच्या स्लाइडी घ्या. जुन्या नोंदीवर मी लाल पेनने काट मारून पॉझिटिव्ह केलं आणि सही केली. शनिवारी, म्हणजे पुढच्या पाळीच्या दिवशी, मी आशाताईला तीनदा फोन लावला. तिसऱ्यांदा लागला. तो शेतात होता.

महिनाअखेरीला डेटा एंट्रीवाल्या पोराचा फोन. ताई, हे पीएम काय लिहिलंय, फॉर्मात पीव्ही, पीएफ आणि मिक्स एवढेच कॉलम आहेत, पीव्हीत टाकू का? म्हटलं टाकशील तर बघ. मग कुठे टाकू, तो म्हणे. शेवटी मी माझ्या कागदावर पट्टी धरून उजवीकडे एक उभी रेघ मारली, वर पीएम लिहिलं, खाली 1.