पैसे देताना हातात काय येतं?

बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर नोकरीचा मोठा काळ गेला. त्यामुळे इंदूरच्या आमच्या लोकमान्य नगरात किंवा नात्यात प्लॉट, फ्लॅट, किरायेदार असं काही निघालं की माणसं माझ्याकडे येतात. पहिला प्रश्न बहुतेक भावाचाच असतो. "मावशी, सुपर कॉरिडॉरला हा रेट बरोबर आहे का?" मी उलट विचारते: पैसे देशील तेव्हा हातात काय येणार आहे? पावती, नोंदवलेला करार की रजिस्ट्री, म्हणजे नोंदवलेलं खरेदीखत? आणि सही कोणाची? भावाचं त्यानंतर बोलू.

इंदूरमध्ये हे विचारावंच लागतं, कारण आपल्याकडे 'डायरी' चालते. नवी कॉलनी निघणार असते. शेतकऱ्याशी जमिनीचं बोलणं झालेलं असतं, कधी तेही अर्धवट. नगर तथा ग्राम निवेश या सरकारी नगररचना खात्याकडून नकाशा मंजूर व्हायचा असतो, डायव्हर्शन (शेतजमीन बिगरशेती करणं) बाकी असतं, रेरा नंबर, म्हणजे घर-प्लॉट विक्रीवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाकडची नोंदणी, तर फार पुढची गोष्ट. तरी प्लॉट विकायला सुरुवात झालेली असते. रोख पैसे घेऊन दलाल एका डायरीत प्लॉट नंबर, आकार, भाव आणि मिळालेली रक्कम लिहून देतो. चार महिन्यांनी तीच डायरी चढ्या भावाने दुसऱ्याकडे जाते, मग तिसऱ्याकडे. बाजार चढा असेपर्यंत प्रत्येक जण खूश असतो. मंजुरी अडकली की जो शेवटचा आहे त्याच्याजवळ फक्त ते पान उरतं. त्यावर कॉलनायझरची, म्हणजे कॉलनी पाडणाऱ्या विकासकाची, सही नसते, बँकेतून काही गेलेलं नसतं, प्लॉट नंबर कोणत्या नकाशातला हेही सांगता येत नाही. प्रशासनाने यावर कारवाया केल्या, पण घेणारे आहेत तोवर हे थांबत नाही. मुलीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे असे अडकलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून इतकं कळकळीने लिहिते आहे. "सगळेच घेताहेत" हे डायरी घेण्याचं कारण होऊ शकत नाही.

२०१६ चा रेरा कायदा इथे अगदी स्पष्ट आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन किंवा आठपेक्षा जास्त युनिट असतील तर नोंदणीशिवाय जाहिरात, बुकिंग, विक्री काहीच करता येत नाही, आणि यात प्लॉटही येतात. नोंदणी झाल्यावरसुद्धा नोंदवलेला करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे असतात, ते फक्त त्या प्रकल्पाची जमीन आणि बांधकाम यांसाठी. मध्य प्रदेश रेराच्या साइटवर प्रकल्पाचा नंबर टाका आणि मंजूर नकाशा उघडा. आपला प्लॉट त्यात बोट ठेवून शोधा. माहितीपत्रकातला आणि मंजूर नकाशा एकच असेल असं धरून चालू नका. विकासकामं पूर्ण होईपर्यंत कॉलनीतले काही प्लॉट हमी म्हणून बंधक, म्हणजे गहाण, ठेवलेले असतात. आपला त्यांत नाही ना, हे लेखी मागा.

माझी एक भाची आता एजंटचं काम सुरू करते आहे. तिला सांगितलं तेच इतर नव्या एजंटांना सांगते. आधी स्वतःची रेरा नोंदणी कर, मग बोर्ड लाव. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातला प्लॉट दाखवणं एजंटलाही मना आहे. नियम मोडला तर रोजचा १०,००० रुपये दंड आहे, तो प्रकल्पातल्या त्या युनिटच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत चढतो. टोकन कधीच आपल्या खात्यात किंवा रोख घेऊ नकोस. मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर ती रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. चेक थेट विकणाऱ्याच्या नावाने घे, आणि सौदा मोडला तर टोकन कधी परत मिळणार ते पावतीवरच लिहून घे. दलाली किती आणि कोण देणार हे साइट दाखवण्याआधी ठरव. इंदूर तसं लहान आहे, मराठी इंदूर तर त्याहून लहान. एका घरात खरं बोललीस की पुढची चार घरं आपोआप फोन करतात.

जुन्या जागांची गोष्ट वेगळी. गृहनिर्माण संस्थेचा प्लॉट असेल तर सभासद यादी, वाटपाचं पत्र आणि त्याच नंबरावर आणखी कोणाला वाटप झालं आहे का, हे वकिलाकडून बघून घ्या. विकास प्राधिकरणाच्या योजनेतला असेल तर तो लीजवरचा (भाडेपट्ट्याचा) आहे की फ्रीहोल्ड (पूर्ण मालकीचा) झाला आहे, लीज रेंट भरलेला आहे का, हस्तांतराची परवानगी आहे का, हे विचारा. "मुख्त्यारनाम्यावर (पॉवर ऑफ अटर्नीवर) देतो, रजिस्ट्रीचा खर्च वाचेल" असं कोणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. केवळ मुख्त्यारनाम्याने मालकी जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे. आणि नगर निगमच्या खात्यात नाव असणं म्हणजे मालकी नव्हे, ते कर भरण्यासाठी असतं. स्वतःजवळ पूर्ण पैसे असले तरी तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी, करून घ्या. बँकेने कर्ज दिलं म्हणजे सगळं ठीक, यावरही विसंबू नका. बँक आपल्या कर्जापुरतं बघते, हे मी आतून पाहिलं आहे.

आता जमीन. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. प्लॉट स्वस्त मिळाला पण मुरूम खोल असेल तर पायाच किती खाईल ते शेजारी बांधकाम करणाऱ्याला विचारा. नर्मदेची लाइन आली आहे की "येणार आहे" तेही विचारा. नर्मदाकाठच्या जलूदहून पाणी वर चढवून शहराला मिळतं, बाहेरच्या कॉलन्या बोअर आणि टँकरवर असतात. एप्रिल-मेमध्ये बोअरचं काय होतं, हे तिथे राहणारी बाई दोन मिनिटांत सांगते. आणि जागा एकदा भर पावसात बघाच. मेट्रोचं तसंच. मे २०२५ मध्ये गांधी नगर ते सुपर कॉरिडॉर हा सहा किलोमीटरच्या आसपासचा तुकडा सुरू झाला आहे. त्यापुढचं जे दलाल सांगतो त्याचे पैसे आज देऊ नयेत.

भाड्याने द्यायला फ्लॅट घेणार असाल तर एकदा कागदावर मांडा. ५० लाखांचा फ्लॅट घ्या. शहरात स्टॅम्प आणि नोंदणी मिळून साधारण साडेबारा टक्के, म्हणजे सव्वासहा लाख. बाईच्या नावावर घेतला तर नोंदणी शुल्कात दोन टक्क्यांची सवलत आहे, लाखभर वाचतात. भाडं १४,००० धरलं तर वर्षाचे १,६८,०००. त्यातला एक महिना रिकामा गेला, मेंटेनन्स, प्रॉपर्टी टॅक्स आणि दुरुस्तीला २४,००० गेले. उरले १,३०,०००. सव्वाछप्पन्न लाखांवर हे सव्वादोन टक्क्यांच्या आसपास झालं, आणि कर्जाचं व्याज अजून मोजलेलंच नाही. भाव वाढतील या भरवशावर घेणार असाल तर घ्या, पण हप्ता भाड्यातून निघेल या भ्रमात राहू नका.

माझं स्पष्ट मत आहे की सुदामा नगर, राजेंद्र नगर अशा भागांत वडिलांचं घर असेल तर पहिला पैसा त्याच घरावर घालावा. जमीन आपली, रजिस्ट्रीचा खर्च नाही. वरच्या मजल्याला १५ लाख लागले आणि १०,००० भाडं आलं तर आठ टक्के होतात. नकाशा पास करून घ्या, आणि जुना पाया पेलतो का हे इंजिनियरकडून तपासल्याशिवाय वीट ठेवू नका. भावंडांचा हिस्सा असेल तर तोही आधी कागदावर आणा, नाहीतर मजला तुमच्या पैशांचा आणि भांडण सगळ्यांचं.

किरायेदार ठेवताना बहुतेक जण अकरा महिन्यांचा करार करतात, कारण वर्षाहून जास्त मुदतीचा नोंदवावा लागतो. पण मुदत संपली म्हणजे माणूस निघेलच असं नाही. मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम १९६१ मध्ये खाली करून घेण्याची कारणं ठरलेली आहेत: मागणीची नोटीस देऊन दोन महिन्यांत थकबाकी न भरणं, लेखी परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं, मालकाची खरी गरज, अशी. विधवा, घटस्फोटित, दिव्यांग आणि निवृत्त सरकारी कर्मचारी अशा मालकांसाठी भाडे नियंत्रण अधिकाऱ्याकडे वेगळा, जवळचा रस्ता आहे. एकट्या राहणाऱ्या कितीतरी काकूंना तो माहीत नसतो, म्हणून मुद्दाम लिहिते. चिडून नळ किंवा वीज बंद करू नका, तसं करायला कायद्याने मनाई आहे आणि तुमचीच बाजू दुबळी होते.

प्रत्येक मजल्याला वेगळं मीटर घ्या. दरमहा १५० युनिटांच्या आत राहिलं तर शंभर युनिटचे शंभर रुपये, ही राज्याची सवलत आहे. दोन कुटुंबं एका मीटरवर आली की मर्यादा ओलांडते आणि दोघांचीही सवलत जाते. किल्ली देताना मीटरच्या आकड्याचा, भिंतींचा, नळांचा फोटो काढून त्याच वेळी किरायेदाराला पाठवा. पोलीस ठाण्यात किरायेदाराची माहिती पहिल्याच आठवड्यात द्या.

भंवरकुआँच्या बाजूला खोल्या असतील तर तुमचे किरायेदार कोचिंगची मुलं असणार. लोकसेवा आयोगाचं मुख्यालय इथे असल्यामुळे राज्यभरातून येतात, आणि बरीच मुलं घरून मोजून आलेल्या पैशांत राहतात. करारावर वडिलांची किंवा आईची सही घ्या, त्यांच्याशी एकदा स्वतः बोला. डिपॉझिट महिन्या-दोन महिन्यांपेक्षा जास्त मागू नका, आणि खोली सोडताना हिशेब त्याच दिवशी द्या. रंगरंगोटी, नळाचे वॉशर, पंखे मे महिन्यातच उरकून घ्या, म्हणजे जूनमध्ये नवी बॅच खोली शोधायला निघते तेव्हा दाखवायला खोली तयार असते.