विचारायच्या आधी खोली, विचारल्यावर सोबत

"बाथरूममध्ये पाय घसरला." "चुकून फिनेल प्यायलं गेलं." "चहा करताना पदर पेटला." पालिकेच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या कॅज्युल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, काही दिवस काढलेल्या कोणालाही ही वाक्यं ओळखीची असतात. काही वेळा ती खरी असतात. जेव्हा नसतात, तेव्हा बाई टाके घालून, पोट धुऊन त्याच घरी परत जाते आणि केसपेपरवर खोटं कारण कायमचं राहतं. घरात मार खाल्लेल्या अशा बाईला रुग्णालयात कसं ओळखायचं, काय विचारायचं आणि पुढे काय करायचं, त्याबद्दल हे.

मार खाणारी बाई पोलीस चौकीची पायरी सहसा चढत नाही, पण दवाखान्यात तिला घरातलेच घेऊन येतात. याच विचारातून २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि आरोग्यावर संशोधन करणारी 'सेहत' ही संस्था यांनी मिळून, घरात हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठी 'दिलासा' हे मदत केंद्र सुरू केलं. ते रुग्णालयाच्या आत, रुग्णालयाचाच विभाग म्हणून चालावं हा त्यातला महत्त्वाचा भाग. पुढे पालिकेच्या इतर रुग्णालयांतही अशी केंद्रं निघाली. गरज किती मोठी आहे ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) दिसतं: १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. सर्वेक्षणवाल्यांना सांगतात, पण डॉक्टरांना सांगत नाहीत, कारण डॉक्टर विचारत नाहीत.

म्हणून "सगळ्यांनाच विचारा" असा आग्रह काही जण धरतात. आम्हाला तो पटत नाही. ओपीडीत दोनशे पेशंटची रांग असताना फॉर्मवर 'घरी मारहाण? हो/नाही' अशी टिकमार्क सुरू झाली की सिस्टर मान वर न करता विचारते आणि बाई "नाही" म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनाही सरसकट विचारायला सांगत नाहीत. खूण दिसली की विचारा, असं सांगतात. आणि एकांत, प्रशिक्षण व पुढे पाठवायची सोय नसेल तर विचारूच नका, हेही त्यांत आहे.

मग खुणा कोणत्या? चापटीने फाटलेला कानाचा पडदा. कोपरापासून मनगटापर्यंत करंगळीच्या बाजूला उठलेले वळ, कारण डोक्यावरचा वार चुकवताना हात तसाच वर जातो. एकाच अंगावर ताजे लाल आणि जुने पिवळसर पडत चाललेले डाग. दुखापतीशी न जुळणारी हकिकत, किंवा घटना होऊन दोन दिवसांनी येणं. औषध घेतलेल्या, म्हणजे विषप्राशनाच्या प्रत्येक बाईला विचारावंच. वारंवार गर्भपात, उशिरा नाव नोंदवलेलं बाळंतपण, तपासण्या नॉर्मल असूनही न थांबणारी अंगदुखी आणि झोप न लागणं याही खुणाच. आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिच्याऐवजी देणारा, क्षणभर बाहेर न जाणारा नवरा किंवा सासू.

गळा दाबल्याबद्दल मात्र वेगळं विचारावं लागतं, कारण ती आपणहून सांगत नाही आणि गळ्यावर बरेचदा काहीच दिसत नाही. आवाज बसलाय का, गिळताना दुखतं का, त्या वेळी डोळ्यांपुढे अंधारी आली होती का, कपड्यात लघवी झाली होती का? डोळ्यांच्या पांढऱ्या भागात आणि पापण्यांच्या आत बारीक लाल ठिपके आहेत का ते उजेडात बघावं. आतली सूज काही तासांनी वाढू शकते, म्हणून हिला "काही लागलेलं नाही" म्हणून घरी पाठवायचं नाही, निरीक्षणाखाली ठेवायचं. शिवाय पुढे जीव जाण्याचा धोका सांगणारी ही फार गंभीर खूण आहे.

एकांत कसा मिळवायचा? "तुम्ही बाहेर थांबा" म्हटलं की संशय येतो. त्यापेक्षा कामाचं निमित्त काढावं: वजन करायचंय, लघवीचा नमुना द्यायचाय, आतली तपासणी आहे. नातेवाइकाला त्याच वेळी औषधाच्या खिडकीवर किंवा केसपेपरवर शिक्का आणायला पाठवावं. पडदा म्हणजे एकांत नव्हे, आवाज पलीकडे जातोच. तिची भाषा आपल्याला येत नसेल तर दुसऱ्या वॉर्डातली भाषा येणारी सिस्टर बोलवावी. नणंदेला किंवा पोटच्या मुलाला दुभाषी करू नये. बोलू लागलेलं मूल सोबत असेल तर त्यालाही वॉर्डातल्या मावशींकडे द्यावं, कारण ते घरी जाऊन सगळं सांगतं.

विचारताना आधी दार किलकिलं करावं: "ताई, अशा जखमा घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणींना घरात कोणीतरी मारलेलं असतं, म्हणून मी विचारते. तुमच्या बाबतीत तसं काही झालंय का?" "घरी काही त्रास आहे का?" एवढंच विचारलं तर उत्तर पाण्याच्या टंचाईपासून सासूच्या गुडघ्यापर्यंत कुठेही जातं. "मारतो का?" यावरही "नाही, तेवढं चालतंच" असं ऐकू येतं. म्हणून कृती विचारावी: चापट, लाथ, केस ओढणं, पगार काढून घेणं, रात्री घराबाहेर काढणं, मनाविरुद्ध जवळ येणं. "तुम्ही काय केलंत म्हणून त्याने मारलं?" हा प्रश्न तोंडातून कधीच जाऊ नये. ती नाही म्हणाली तर नाही. "कधीही वाटलं तर या, मी किंवा माझ्या जागी असेल ती ऐकेल," एवढं बोलून थांबावं. पण तिचं वय १८ पेक्षा कमी असेल तर लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं पॉक्सो या, मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याने बंधनकारक आहे. हे तिला बोलतं करण्याआधी सांगायचं, नंतर नाही.

ती बोलली की घाईत धोका मोजायचा राहून जातो. गेल्या ६ महिन्यांत मार वाढलाय का? हत्यार वापरलं किंवा दाखवलं का? गळा दाबला का? गरोदरपणात मारलं का? सतत संशय घेतो का? तो जिवे मारेल असं तिला स्वतःला वाटतं का? ३ किंवा जास्त प्रश्नांना "हो" आलं तर तिला त्या रात्री घरी पाठवू नये. निवारागृहाची सोय होईपर्यंत वॉर्डात एक खाट 'निरीक्षणाखाली' म्हणून देता येते. स्वतःला संपवावंसं वाटतं का, हेही सरळ विचारावं. विचारल्याने ती कल्पना डोक्यात येत नाही. औषध घेतलेली बाई "पोलीस मलाच पकडतील" या भीतीने खोटं बोलते. तिला सांगावं की मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार असा प्रयत्न तीव्र तणावाखाली झाला असंच मानलं जातं, शिक्षा होत नाही.

आता कागद. सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. "मारहाणीची हकिकत" एवढ्या दोन शब्दांचा कोर्टात काहीही उपयोग नाही. "पेशंट सांगते की काल रात्री ११ च्या सुमारास नवऱ्याने लाकडी दांड्याने डाव्या हातावर मारलं" असं, तिच्या शब्दांत, नातं, वेळ आणि वस्तूसह लिहावं. जखमेची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, रंग, जागा. शरीराच्या आकृतीवर खूण. आधी "पडले" म्हणालेली बाई नंतर खरं बोलली तर जुनी नोंद खोडू नये. तारीख-वेळ घालून खाली नवी नोंद करावी, नाहीतर वकील खाडाखोडीवरच सगळा दिवस काढतो. आणि जो कागद नवऱ्याच्या पिशवीतून घरी जाणार आहे, त्यावर यातलं काही नको. ते रुग्णालयाकडे राहणाऱ्या नोंदीत लिहायचं.

एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) झाली म्हणजे गुन्हा दाखल झालाच, असं बाई आणि कित्येकदा इंटर्नही धरून चालतात. तसं नाही. चौकीला कळवणं हे रुग्णालयाचं काम. जबाबात काय सांगायचं ते तिचं. शिवाय २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दाद मागायला आधी पोलिसांत जावं लागत नाही. त्या कायद्याच्या कलम ७ नुसार तिने मागितलेली वैद्यकीय मदत रुग्णालयाने द्यायचीच असते. त्याच कायद्याच्या नियमांतला नियम १७ सांगतो की आधी हिंसेचा घटना अहवाल दाखल नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. तो अहवाल नसेल तर रुग्णालयाच्या प्रमुखानेच त्याचा फॉर्म, म्हणजे नमुना १, भरून या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा आणि वैद्यकीय तपासणी अहवालाची प्रत तिला मोफत द्यायची. हा नमुना किती रुग्णालयांच्या कपाटात छापून ठेवलेला आहे, ते आपापल्या ठिकाणी जरूर बघा.

पुढे पाठवताना नुसती चिठ्ठी देऊ नका. "चौथ्या मजल्यावर समुपदेशक मॅडम बसतात" असं सांगितलेली बाई जिन्यापर्यंत जाते आणि परत फिरते. सिस्टरने किंवा आयाबाईंनी सोबत जावं, नाव सांगून ओळख करून द्यावी, आणि तिची हकिकत तिच्या परवानगीने आपणच थोडक्यात सांगावी, म्हणजे तिला ती पुन्हा पहिल्यापासून उगाळावी लागत नाही. रुग्णालयात केंद्र नसेल तर हिंसापीडित स्त्रियांसाठीचं सरकारी सखी वन स्टॉप सेंटर, स्त्रियांसाठीची १८१ हेल्पलाइन, पोलिसांचा स्त्रियांना मदत करणारा भरोसा सेल आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहेत. प्राधिकरणाचा वकील स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत मिळतो. या सगळ्यांचे नंबर दर ३ महिन्यांनी स्वतः फिरवून बघावेत. भिंतीवरच्या तक्त्यातला नंबर बंद निघाला तर तिचं पुन्हा विचारायचं बळ जातं.

एक गोष्ट चांगल्या मनाचे डॉक्टरच जास्त करतात, आणि ती धोक्याची आहे: नवऱ्याला केबिनमध्ये बोलावून दम भरणं, किंवा दोघांना समोरासमोर बसवून "जुळवून घ्या" सांगणं. त्या दमाची किंमत ती घरी जाऊन मोजते. त्याच्याशी बोलायचं की नाही, हे तिने ठरवायचं आणि समुपदेशकाने करायचं.

डिस्चार्जच्या वेळी तिला विचारून घ्यावं की कोणत्या नंबरवर, किती वाजता फोन केलेला चालेल आणि दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगायचं. "रक्ताचा रिपोर्ट आलाय" हे बहुतेक घरांत चालतं. फोन अजिबात नको असेल तर टाके काढायची तारीख, बाळाच्या लसीचा दिवस किंवा गरोदरपणातली तपासणी पकडावी. अशा तारखेला घरचे तिला अडवत नाहीत, आणि त्या दिवशी समुपदेशकाची ड्युटी आहे ना, एवढं आधी पाहून मगच ती कार्डावर लिहावी.