रात्री अकराचा मेसेज

शुक्रवारी म्हापशाचा बाजार, त्या दिवशी अशील हमखास उशिरा येतात. हाही तसाच आला. पिशवीतली चोरिसांची, म्हणजे गोव्याच्या सॉसेजची, माळ बाजूला सारून त्याने नोटीस काढली. कागदालाही तोच वास.

कळंगुटच्या एका हॉटेलात तो किचन सांभाळायचा. 31 मे 2020 ला नोकरी सोडली, पुढे शिवोलीत स्वतःचं रेस्टॉरंट काढलं. आता, फेब्रुवारी 2025 मध्ये, जुन्या मालकाची नोटीस: आमचे दोन कुक फोडलेत, भरपाई द्या. सोबत कराराची झेरॉक्स. नोकरी सोडल्यावर दोन वर्षं हॉटेलची माणसं ओढायची नाहीत, ही अट.

"वकीलबाब, दोन वर्षं कधीच सरली. पोरं आली ऑगस्टात. कागद रद्दीच ना?"

मलाही तसंच वाटलं. करार कायद्याचं कलम 27: धंद्याला आडकाठी करणारा करार रद्दबातल. 2006 मध्ये झहीर खानच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने करार संपल्यानंतरची बंदी मानली नाही. (क्रिकेटमुळे हा खटला अशिलांना पटकन कळतो.) पण त्याच वर्षी विप्रोच्या प्रकरणात दिल्ली हायकोर्ट म्हणालं, दुसऱ्याची माणसं फोडू नका ही अट कलम 27 मध्ये अडकत नाही. तो करार दोन कंपन्यांमधला होता, तरी समोरचा वकील तो निवाडा काढणारच.

"पहिला फोन कुणी केला?"

"पोरांनीच."

"मोबाइल दाखवा."

एका कुकबरोबरचा चॅट तो वर सरकवत गेला आणि एकदम थांबला. 14 एप्रिल 2022, रात्री 11:07. "ये रे. तीन हजार जास्त देतो. त्यालाही आण."

मुदत संपायला दीड महिना बाकी होता. पोरं कधी आली याला फारसा अर्थ उरला नाही. बोलावणं कधी गेलं, प्रश्न तो. करारभंगाच्या दाव्याला तीन वर्षं मिळतात, म्हणजे मालकाच्या हातात अजून दोन महिने होते. नोटीस दिवस मोजूनच धाडलेली. कौतुक वाटलं, बोललो नाही.

"डिलीट करू?"

"कुकच्या फोनातला कोण डिलीट करणार? आणि पुरावा पुसलात तर दुसरा वकील बघा."

उत्तरात अट नाकारली आणि विचारलं, दोन कुक गेल्याने नुकसान नेमकं किती झालं? 'आम्ही कुणाला बोलावलं नाही' हे वाक्य मात्र त्याने कितीदा सांगूनही घातलं नाही.

आकडा आला नाही. दाव्याच्या शेवटच्या दिवशी, 14 एप्रिलला, आंबेडकर जयंतीची सुट्टी, म्हणून 15 चा दिवसही धरला. संध्याकाळपर्यंत त्याचे पाच फोन आले. दावा नाही आला.