वारा पडलेला रविवार

रविवार, फाल्गुन शुद्ध चतुर्दशी

सकाळी अकराची शिडाच्या होड्यांची शर्यत, आणि अकराला समितीच्या बोटीवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं निशाण चढलं. म्हणजे शर्यत लांबणीवर. गेटवेसमोरचं पाणी तेलकट दिसत होतं. वीसेक होड्या जिथल्या तिथे गोल फिरत होत्या. कोणी टोपी तोंडावर ओढून पडलं होतं, कोणी घरून आणलेले पोहे उघडले होते.

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे दोन गुणांसाठी पाठ केले होते. त्या दोघांच्या मधल्या तासाचा उल्लेख मात्र पुस्तकात केल्याचं आठवत नाही. पहाटेपासून जमिनीकडून येणारा मतलई दहा-साडेदहाला दम सोडतो. जमीन पुरेशी तापून समुद्रावरची हवा आत ओढली जायला बारा-एक वाजतो. मधल्या वेळात मुंबई बंदरात वारा नसतोच. आणि शर्यत ठेवणारे दर मार्चमध्ये नेमकी हीच वेळ कशी धरतात, हे मला अजून उमगलेलं नाही.

वारा नसला तरी पाणी थांबत नाही. तिथीचा पाऊणपट केला की भरतीची वेळ निघते, हा काकांचा हिशेब. चतुर्दशी, म्हणजे साडेदहा. त्यानंतर ओहोटी, तीही पुनवेच्या तोंडावरची. पहिला मार्क, म्हणजे वळसा घालायचा बोया, उत्तरेला, क्रॉस आयलंडच्या अंगाला, आणि पाणी ओढतंय दक्षिणेला, सन्क रॉकच्या दीपगृहाकडे. निशाण उतरायच्या आत अर्धा ताफा सुरुवातीच्या रेषेच्या बराच खाली वाहून गेला होता. आम्ही रेषेला चिकटून होतो, कारण काकांनी मला आधीच नांगर तयार ठेवायला सांगितलं होतं.

"हळूच सोड गं. छपाक आवाज करू नकोस, सगळे बघतील."

नांगर टाकणं नियमात बसतं. अट एवढीच, की निघताना तो वर घ्यायचा, तोडून पळायचं नाही. आम्ही जागच्या जागी उभे आणि आजूबाजूच्या होड्या शीड वर करून, तोंड पुढे ठेवून, मागे मागे चाललेल्या. पाचेक मिनिटं त्यांच्या ध्यानातही आलं नाही. बंदरात यापेक्षा आनंदाचं दृश्य मी पाहिलेलं नाही.

साडेबाराला वायव्येकडून पहिली झुळूक आली. पाण्यावर काळपट पट्टा उमटला, मोडला, पुन्हा उमटला. निशाण उतरलं, पाठोपाठ पाच मिनिटांचा इशारा, आणि सुटलो. सुटलो म्हणजे काय, चालत्या माणसानेही मागे टाकलं असतं.

आमची एंटरप्राइझ तेरा फुटी, दोघांची, निळ्या शिडांची. जोराच्या वाऱ्यात तिला आडवी होऊ द्यायची नाही म्हणून बाहेर लटकायचं. मंद वाऱ्यात नेमकं उलटं. मी वाऱ्याच्या उलट्या कडेला, डोलकाठीशी, गुडघे पोटाशी घेऊन. होडी जरा कलली की कापड आपल्याच वजनाने फुगतं आणि पाण्याला घासणारा तळही थोडा कमी होतो. वजन पुढे घेतलं की मागचा भाग वर उचलला जातो आणि तिथलं पाणी खळखळायचं थांबतं. मग हलायचं नाही. खांदा खाजवायचा तरी काकांना सांगून.

माझं सगळं लक्ष एका फितीवर. शिडाला कॅसेटची जुनी फीत चिकटवलेली असते, दोन्ही बाजूंना एकेक. लोकरीपेक्षा हलकी, त्यामुळे गालालाही न जाणवणाऱ्या हवेत ती उठते. दोन्ही फिती आडव्या वाहत असल्या तर सगळं ठीक. आतली फडफडली तर दोर बोटभर ओढायचा, बाहेरची लोंबली तर बोटभर सोडायचा. तासभर हेच. काका वाकून सुकाणू दोन बोटांत धरून बसलेले. घट्ट धरलं की ते ब्रेकसारखं लागतं, म्हणतात.

खरी गोची किनाऱ्याची. काठाला ओहोटी कमी ओढते, पण ताज आणि त्यामागच्या इमारती वारा अडवतात. मधल्या खोल पाण्यात वारा सलग, पण प्रवाह तिथेच सर्वांत तगडा. बरेच जण वारा दिसला म्हणून मिडल ग्राउंड बेटाच्या बाजूला गेले. शिडं त्यांची मस्त भरलेली, पण मागच्या क्रेनशी ताडून पाहिलं तर होड्या हलेचनात. आम्ही काठाने, मेल्यासारख्या वाऱ्यात, पण पुढे.

त्यात रविवार, म्हणजे घारापुरीच्या लाँचा. एक गेली की तिच्या लाटांनी शीड झटकलं जातं आणि पंधरा मिनिटं जमवलेला वेग क्षणात संपतो. एका लाँचवरून कोणीतरी ओरडलं, "ओ दादा, मासे मिळाले का?" काकांनी मान वर न करता सांगितलं, "पापलेट!"

एका होडीवरची कॉलेजची पोरं वैतागून शीड पंख्यासारखं हलवायला लागली. शर्यतीच्या बेचाळिसाव्या नियमात ते बसत नाही. शीड हलवून, अंग आपटून किंवा सुकाणू वल्ह्यासारखं मारून होडी पुढे काढायची नाही. शेजारच्यांनी "प्रोटेस्ट!" म्हणून हाक दिली, लाल निशाण दाखवलं. पोरांनी ताबडतोब दोन गिरक्या घेऊन शिक्षा भोगली. तेवढ्यात ओहोटीने त्यांना कुठल्या कुठे नेलं.

समितीने शर्यत पहिल्या मार्कवरच आटोपली. आम्ही चौथे.

परत आल्यावर चहाच्या टेबलावर नेहमीचा वाद. असल्या वाऱ्यात शर्यत रद्दच करावी, हा खेळ नाही, नशीब आहे, असं एकाचं म्हणणं. मला हे अजिबात पटत नाही. नशीब असतं तर दर मंद रविवारी तीच चार-पाच नावं वर आली नसती. जोराच्या वाऱ्यात पंचविशीतला ऐंशी किलोचा गडी बाहेर लटकला की काम भागतं. तिथे माझा पाड लागत नाही, आणि लागणारही नाही. मंद वाऱ्यात मात्र पाणी कोण बघतंय, काठावरचा धूर कुठे झुकतोय, नांगरलेल्या मचव्यांची तोंडं कुठे वळलीत, हे मोजलं जातं. शिमग्यासाठी कोळ्यांच्या होड्या परतल्या आहेत. त्यांची तोंडं पाहूनच काकांनी प्रवाह कुठे ढिला आहे ते ओळखलं होतं.

१९८२ च्या आशियाई खेळांतल्या शिडाच्या शर्यती याच मुंबईच्या पाण्यात झाल्या. फायरबॉल या दोघांच्या होडीच्या वर्गात फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांना सुवर्ण मिळालं. काका तेव्हा कॉलेजात होते. विषय निघाला की ते बाकी काही न बोलता चहा ढवळतात, मग म्हणतात, "त्यांना पाणी वाचता यायचं."

पाठ आखडली आहे, गुडघे काळेनिळे. पुढच्या रविवारी रंगपंचमीचा दुसरा दिवस, निम्मे लोक येणार नाहीत, असं मी काकांना म्हटलं.

"मग तर यायलाच हवं," काका म्हणाले. "निम्मे आपोआप मागे."