पट्टे गेले! तीन प्रोजेक्टर, एक काळा कार्डशीट

शनिवारी रात्री अकराच्या सुमाराला माझ्या घरगुती फ्लाइट सिम्युलेटरमध्ये झिबोचं ७३७ (एक्स-प्लेन या सिम्युलेटर सॉफ्टवेअरमधलं विमान) घेऊन मुंबईच्या धावपट्टी २७ वर उतरलो. खाली घाटकोपरचे दिवे, समोर पापीचे (उतरण्याचा कोन बरोबर आहे का ते दाखवणारे धावपट्टीशेजारचे दिवे) दोन पांढरे, दोन लाल, आणि वर आभाळ डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत एकसंध काळं. तीन प्रोजेक्टरांची चित्रं जिथे एकमेकांवर चढतात तिथल्या ज्या दोन करड्या पट्ट्यांबद्दल मी गेले चार महिने इथे रडतोय, ते नव्हते. उतरल्यावर इंजिनं बंद केली आणि पाच मिनिटं तसाच सीटवर बसून आभाळ बघत राहिलो.

पट्ट्यांकडे वळण्याआधी प्रोजेक्टर कसे ठरले ते थोडक्यात, कारण मागच्या वेळी तिघांनी हिशेब विचारला होता. गच्चीवरच्या खोलीत वक्र पडद्याची त्रिज्या २ मीटर बसते. अर्धवर्तुळ म्हणजे ६.२८ मीटर लांबी, म्हणून ८ बाय ४ च्या तीन सनमायका आडव्या लावल्या. सांध्यांवर पुट्टी आणि वरून मॅट करडा रंग. तीन प्रोजेक्टर, १५ टक्के ओव्हरलॅप (शेजारची चित्रं एकमेकांवर चढतात तो भाग), तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ६७ अंश येतात. तेवढ्या चापाची जीवा २.२ मीटर, आणि मध्यबिंदूपासून जीवेचं अंतर १.६७ मीटर. अंतराला चित्राच्या रुंदीने भागलं की थ्रो रेशो ०.७६ येतो. म्हणजे लेन्स बरोबर मध्यावर, डोक्याच्या वर टांगायची असेल, तर ०.६९ ते ०.८३ झूमचा प्रोजेक्टर हवा. मी तोच घेतला.

०.५ वाले, म्हणजे ऑप्टोमा जीटी१०८० च्या गटातले, मोह घालतात. शेलच्या (कॉकपिटच्या सांगाड्याच्या) पुढे टांगता येतात, ओव्हरहेडची (डोक्यावरच्या बटणांच्या पॅनेलची) सावली पडत नाही. पण वक्र पडद्याचं पोट आणि कडा यांच्यात माझ्याकडे ३३ सेंटिमीटरची खोली आहे. लेन्स जितकी जवळ, तितकी ही खोली फोकसला जड जाते. मध्य धारदार केला की कडा मऊ पडतात. आधीच फुल एचडीत एका अंशाला जेमतेम २९ पिक्सेल मिळतात. त्यातले आणखी गमवायची माझी तयारी नव्हती. सपाट पडदा असेल तर मात्र ०.५ खुशाल घ्या.

आता पट्टे.

प्रोजेक्टर काळा रंग टाकत नाही. काळं म्हटलं की तो शक्य तेवढा प्रकाश अडवतो, आणि जो अडत नाही तो पडद्यावर येतो. जिथे दोन प्रोजेक्टर एकमेकांवर चढतात तिथे ही गळती दुप्पट होते. दिवसा ते कळतही नाही. रात्री शहराबाहेर पडलं की आभाळात दोन उभे करडे खांब उभे राहतात, आणि सॉफ्टवेअरमधल्या ब्लेंडने, म्हणजे चढलेल्या भागात दोन्ही चित्रं कडेकडे मंद करत मिसळण्याने, ते हलत नाहीत. ब्लेंड चित्र मंद करतो. पण शून्याच्या खाली कुठे जाणार?

इथे माझी मूळ चूक सांगतो, कारण नवीन मंडळी अजूनही तीच करताना दिसतात. मी लुमेन (प्रोजेक्टरचा एकूण उजेड) बघून प्रोजेक्टर निवडले. कागदावरचे ३००० लुमेन माझ्या सुमारे ३ चौरस मीटरच्या चित्रावर पडले की साधारण १००० लक्स होतात, म्हणजे पांढऱ्या पडद्यावर ३१८ निट्स (डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाचं माप). सिनेमागृहाचं प्रमाण आहे ४८ निट्स! बंद खोलीत, डोळे अंधाराला सरावलेले असताना, मी थिएटरच्या साडेसहा पट उजेड विकत घेतला होता. कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या आणि काळ्याचं गुणोत्तर) १०००:१ धरला तरी काळ्याच्या नावाखाली ०.३ निट पडद्यावर पडत राहणार, आणि सांध्यावर ०.६. शिवाय वक्र पडद्यात डावीकडचा उजेड उजवीकडे सांडतो. करड्या रंगाने ते सांडणं बरंच कमी झालं, कारण सांडलेला उजेड भिंतीवर दोनदा आपटतो आणि दोन्ही वेळा शोषला जातो. थेट चित्र एकदाच. पण पट्टे तसेच राहिले.

मग सुरू झाल्या खटपटी. पहिली, वार्पच्या (चित्र वक्र पडद्यावर नीट बसेल असं वाकवणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये बाकीच्या भागाचं काळं उचलून पट्ट्याइतकं करणं. पट्टे दिसेनासे झाले, कारण सगळं आभाळच करडं झालं. चांदण्या गेल्या. एका रात्रीत ते काढून टाकलं.

दुसरी, प्रोजेक्टरमधला डायनॅमिक ब्लॅक. खोक्यावर छापलेले ते डोळे दिपवणारे कॉन्ट्रास्टचे आकडे याच्या जोरावर असतात. यात दृश्य काळोखं असेल तर प्रोजेक्टर दिवा मंद करतो. एका प्रोजेक्टरला ते शोभतं. इथे तीन प्रोजेक्टर आपापला निर्णय घेतात. डावीकडे शहर आलं की डावा उजळतो, मधला मंद राहतो, आणि बेस टर्नमध्ये (उतरण्याआधी धावपट्टीकडे वळताना) अख्खं क्षितिज श्वास घेतल्यासारखं हलतं. तीन लावणाऱ्यांनी ती सोय पहिल्याच दिवशी बंद करावी. आणि खरेदी करताना फक्त नेटिव्ह, म्हणजे ही सोय बंद असतानाचा, कॉन्ट्रास्ट विचारावा. दुकानात तो आकडा कोणी आपणहून सांगत नाही.

तिसरी, नाशिकच्या आपल्या मित्राने त्याचा होम थिएटरचा एलसीडी प्रोजेक्टर दोन दिवस दिला. काळं सुरेख, खरंच सुरेख. पण थ्रो १.३ च्या पुढे. माझ्या खोलीत तो मागच्या भिंतीच्याही बाहेर गेला असता. आरसे लावून वाट मोडता येते, पण तीन आरसे, त्यांची धूळ आणि कंपनं मला झेपणारी नाहीत. ज्यांची खोली २० फूट खोल आहे त्यांनी मात्र सरळ ही वाट धरावी, असं आता माझं ठाम मत झालंय.

खरी हालचाल एनडी फिल्टरने (लेन्सपुढे लावायची, रंग न बदलता उजेड कमी करणारी काच) झाली. बोरा बाजारातून चौकोनी काचेचे तीन एनडी४ आणले. हे चारातला एकच भाग उजेड जाऊ देतात. पांढरं ३१८ वरून ८० वर आलं, म्हणजे अजूनही थिएटरपेक्षा जास्त, आणि काळं ०.०८ वर. गुणोत्तर तेच राहतं, पण डोळ्याला ०.०८ आणि ०.३ मधला फरक फार मोठा वाटतो. रेझिनचे स्वस्त फिल्टर घेऊ नका. गरम हवेच्या झोतात माझा एक वाकला, काच आहे तशी आहे.

पट्टे अर्धे मेले. उरलेल्या अर्ध्यांनी दोन महिने खाल्ले.

उपाय जुना आहे: लेन्सच्या पुढे खराखुरा अडसर. काळ्या कार्डशीटची कड ओव्हरलॅपमध्ये आणायची. ती फोकसच्या पार बाहेर असल्यामुळे पडद्यावर तिची कड दिसत नाही, मऊ उतार दिसतो. सॉफ्टवेअरला न जमणारं काम कागद करतो: तो गळणारा उजेडही अडवतो. कागद लेन्सच्या जितका जवळ, तितका उतार रुंद. माझा ओव्हरलॅप १० अंशांचा, आणि त्याला उतार जुळला लेन्सपासून ७ सेंटिमीटरवर. मधल्या प्रोजेक्टरला दोन कडा, बाजूच्यांना एकेक, अशा चार.

ऐकायला सोपं आहे. बाजूचे प्रोजेक्टर किंचित कललेले असल्यामुळे सरळ कापलेली कड पडद्यावर तिरकी पडायची. वर पट्टा गेला की खाली काळी रेघ, खाली सुधारलं की वर करडं. कागद तिरका कापत कापत उजवीकडची कड सतराव्या कापात बसली. त्यात प्रोजेक्टर गरम होईपर्यंत चित्र सरकत असतं. पहिल्या अर्ध्या तासात कापलेले सगळे कागद वाया. हे कळायला मला आठवडा लागला. आता आधी तिन्ही लावून खाली जाऊन जेवून येतो, मग कात्री हातात घेतो.

आणि चौथी कड बसली त्या रात्री आनंदाने दुपारची वेळ लावून बघितली, तर ढगांमध्ये दोन काळपट पट्टे! कागद आणि सॉफ्टवेअर दोघेही तोच भाग मंद करत होते. मग ब्लेंडचा उतार जवळजवळ काढून टाकला आणि गॅमा (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेड कसा चढतो तो आकडा) २.२ वरून थोडा थोडा हलवत नेला. रात्र स्वच्छ झाली. दिवस नव्वद टक्के. उरलेलं दहा टक्के पांढऱ्या ढगांतच दिसतं, आणि त्याचं कारण माझ्या मते कलर व्हीलमधला (प्रोजेक्टरमधल्या रंगांच्या फिरत्या चकतीतला) पांढरा तुकडा आहे. तो असला की लाल, हिरवा आणि निळा यांच्या बेरजेपेक्षा पांढरं जास्त उजळ येतं, आणि ब्लेंडचं गणित चुकतं. पुन्हा घ्यायची वेळ आली तर पांढरा तुकडा नसलेलं व्हील असेल तरच घेईन.

हे लिहिता लिहिता सुचलं: कागद दिवसा तिथे असायलाच कशाला हवा? दिवसा सॉफ्टवेअरचा ब्लेंड एकटा उत्तम चालतो. प्रत्येक कड ९ ग्रॅमच्या सर्व्होवर (ठरलेल्या कोनात फिरणारी छोटी मोटर) लावली, एक्स-प्लेनमधून सूर्याचा कोन आर्डुइनोला (छोटं कंट्रोलर बोर्ड) दिला, आणि सूर्य क्षितिजाखाली गेला की चारही पाती आत. वार्पच्या दिवस आणि रात्र अशा दोन फाइली होतील. कार्डशीटऐवजी पातळ ॲल्युमिनियम, मॅट काळं. दर वेळी पातं त्याच जागी, अर्ध्या मिलिमीटरच्या आत यायला हवं, म्हणून सर्व्होच्या भरवशावर न राहता टेकायला स्क्रूचा थांबा लागेल. हे आधी करतो. पेडेस्टलचं (दोन सीटमधल्या कन्सोलचं) काम त्यामुळे पुढे ढकललं.

दोन गोष्टी राहिल्या. तिन्ही प्रोजेक्टर एकाच दुकानातून, एकाच खेपेतले घ्या. माझा तिसरा सहा महिन्यांनी मागवला, तो पिवळट निघाला आणि त्याच्या दिव्याचे तास आधीच चाललेले होते. विक्रेत्याने फोन उचलणं बंद केलं. रंग जुळवण्यात त्याचा निळा वाढवून बाकी दोघांचा उजेड कमी करावा लागला.

आणि डोळ्याचा बिंदू, म्हणजे चित्र ज्या जागेवरून बरोबर दिसेल असं बसवलंय ती जागा. मी तो दोन सीटच्या मधोमध ठेवला होता, पाहुण्यांसाठी. कॅप्टनची सीट मध्यापासून अर्धा मीटर डावीकडे आहे आणि पडदा २ मीटरवर, म्हणजे सरळ समोरची धावपट्टी १४ अंश उजवीकडे दिसते. खऱ्या सिम्युलेटरमध्ये कॉलिमेटेड आरशामुळे (चित्र खूप लांब असल्यासारखं दाखवणारा वक्र आरसा) दोघांनाही ती सरळ समोर दिसते; आपल्याकडे एकालाच. बिंदू डाव्या सीटवर नेला की वार्प पुन्हा करावा लागेल, आणि कदाचित चारही कडा नव्याने कापाव्या लागतील. म्हणून धातू कापण्याआधी तेच करतो. कार्डशीटचे सहा ताव आणून ठेवलेत, रविवारी सकाळी सुरुवात.