धुतल्यावर जाणार नाही ना?

शर्टावरच्या प्रिंटबद्दल प्रश्न एकच असतो, विचारणाऱ्यागणिक सूर तेवढा बदलतो. तालमीची पोरं विचारतात, "ताई, धुतल्यावर जाणार न्हाई न्हवं?" स्नेहसंमेलनासाठी टी-शर्ट करून घेणाऱ्या शाळेच्या बाई विचारतात, "गॅरंटी किती धुण्यांची?" परवा एका आजोबांनी नातवाच्या वाढदिवसाचा शर्ट हातात घेतला, कोपरा नखानं खरवडून बघितला आणि म्हणाले, "हे स्टिकरच की हो!" कोल्हापुरात हीट प्रेसचं, म्हणजे तापलेल्या प्लेटखाली दाबून कपड्यांवर चित्रं-नावं बसवायचं, दुकान टाकून मला नऊ वर्षं झाली. गर्दीच्या वेळी मी "नाही जात, निवांत न्या" म्हणून मोकळी होते. खरं उत्तर काउंटरवर उभ्या उभ्या देण्याएवढं लहान नाही. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

आजोबांचं निम्मं बरोबर आहे. सुरुवातीला मी व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकचा रंगीत कागद, कापून नावं-नंबर लावायचे, आता बहुतेक काम डीटीएफचं, म्हणजे 'डायरेक्ट टू फिल्म'चं. यात चित्र थेट कापडावर छापत नाहीत. पारदर्शक फिल्मवर उलटं छापतात, आधी रंग आणि त्यावर पांढऱ्या शाईचा थर. शाई ओली आहे तोवर तिच्यावर पिठीसाखरेसारखी दिसणारी पावडर भुरभुरवायची, जास्तीची झटकायची आणि फिल्म ओव्हनमधून काढायची. ती पावडर म्हणजे गोंद. गार असताना घट्ट, तापला की पातळ. प्रेसखाली तो वितळतो, कापडाच्या धाग्यांत उतरतो आणि गार होता होता त्यांना धरून बसतो. म्हणजे स्टिकर म्हणा हवं तर, पण वहीवरचं नव्हे.

आता यातली गंमत बघा. जे उष्णतेनं बसलं ते उष्णतेनंच उठणार. माझ्याकडं परत आलेल्या शर्टांतले पाण्यानं गेलेले मला हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकी सगळे इस्त्रीनं गेलेले.

तरी आधी माझ्या बाजूचं सांगते, कारण चूक दुकानातही होते. सुती टी-शर्टला मी साधारण १५५ अंशांवर १५ सेकंद देते. पण हा आकडा मशीनच्या डबीवर दिसतो म्हणजे प्लेटवर तेवढीच उष्णता असेल असं समजू नका. जुन्या मशीनचे कोपरे गार पडतात. माझ्या पहिल्या मशीनचा डावा कोपरा असाच होता, आणि वर्षभर मी पावडरवाल्याला दोष देत होते. दाबाचंही तसंच. प्लेटच्या चारही कोपऱ्यांत कागदाची एकेक पट्टी ठेवून मशीन बंद करायचं आणि पट्ट्या ओढून बघायच्या. एखादी सुळकन निघाली तर तिथं दाब नाही. शिवण, बटण, चेन प्लेटखाली आली तरी हेच होतं. तेवढ्यानं प्लेट उचलली जाते आणि शेजारचं प्रिंट अर्धवट बसतं. म्हणून अशा ठिकाणी शर्टाच्या आत फोमची उशी सारते.

आणि ओल. आमच्याकडं जुलैत चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. कपाटातला कोरा टी-शर्टसुद्धा हाताला सर्द लागतो. तसाच प्रेस केला तर सुतातलं पाणी वाफ होऊन गोंदाच्या मधे येतं. म्हणून प्रिंट ठेवायच्या आधी नुसता शर्ट पाच सेकंद दाबायचा. पावसाळ्यात मशीन उघडलं की किटलीचं झाकण काढल्यासारखी वाफ येते. गिऱ्हाईक म्हणतं, "जळलं काय?" जळलं नाही, वाळलं.

मग फिल्म सोलायची. काही गरम असतानाच निघतात, काही पूर्ण गार झाल्यावर. गारवाली गरम ओढली की अक्षराचं टोक फिल्मबरोबर वर येतं. अशा वेळी ओढत बसायचं नाही, फिल्म परत खाली टेकवायची आणि पुन्हा दाब द्यायचा. फिल्म निघाल्यावर वर टेफ्लॉनचा कागद टाकून आणखी पाच-सात सेकंद. हा दुसरा दाब पुष्कळ ठिकाणी घाईत वगळतात. प्रिंट नीट बसलंय का हे बघायचं असेल तर शर्ट खिडकीपाशी न्या, उजेडात तिरका धरा आणि प्रिंटवर बारीक बघा. कापडाची वीण रंगावर उमटलेली दिसली पाहिजे, बारीक बारीक ओळींत. सनमायक्यासारखं गुळगुळीत दिसत असेल तर ते कापडावर नुसतं बसलंय, आत उतरलेलं नाही. तिथंच सांगा, पुन्हा प्रेस करून द्या म्हणून. खरवडून बघण्यापेक्षा हे बरं.

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक मात्र चिकटण्याची नव्हती. शाहू स्टेडियमवरचा फुटबॉलचा हंगाम तोंडावर होता, एका तालमीच्या संघाच्या २२ जर्सी आल्या. मरून रंगाचं पॉलिएस्टर, त्यावर पांढरे नंबर. नेहमीच्या सवयीनं १५५ वर दाबल्या. रात्री पोरं घेऊन गेली तेव्हा नंबर दुधासारखे पांढरे होते. तिसऱ्या दिवशी तिघं जण दारात, हातात जर्सी, नंबर गुलाबी! "ताई, आमची टीम हाय, बारसं न्हवं." पॉलिएस्टर ज्या रंगानं रंगवतात तो जास्त उष्णतेत वायू होऊन वर चढतो आणि पांढऱ्या शाईत जाऊन बसतो. कधी लगेच दिसतं, कधी दोन दिवसांनी. सगळ्या जर्सी पदरचे पैसे घालून पुन्हा केल्या. या खेपेला काळपट पावडरची फिल्म घेतली, ती खालचा रंग अडवते, आणि उष्णता १३० वर आणली.

कौतुक असं की याच खोडीवर सबलिमेशनचा सगळा धंदा चालतो. अंगभर चित्र असलेल्या जर्सी बघता ना, हात फिरवला तर वर काही लागतच नाही, त्या तशा होतात. कागदावरचा रंग २०० अंशांच्या आसपास वायू होतो आणि थेट धाग्यात शिरतो. तो उखडायचा प्रश्नच नाही, कारण वर काही चिकटवलेलंच नाही. पण त्याला पांढरं किंवा फिकं पॉलिएस्टर लागतं. "सुतीवर असंच करून द्या" म्हणून हट्ट धरू नका. करून देणारा भेटेलही, आणि दोन-चार धुण्यांत चित्राचं भूत उरेल.

आता तुमच्या घरचं. नवा शर्ट एक दिवस तरी पाण्यात घालू नका. नंतर उलटा करून, गार पाण्यात, साध्या पावडरनं धुवा. रात्रभर भिजत ठेवणं, प्रिंटवर ब्रश, ब्लीच, हे नको. धुण्याच्या दगडावर आपटलात तर गोंदाला नावं ठेवू नका. पिळताना प्रिंट मुरगळू नका, सावलीत उलटा वाळवा. संपलं. पाण्याचा भाग एवढाच.

इस्त्रीचा भाग मोठा. कपड्याच्या लेबलवर इस्त्रीचं चित्र असतं, त्यात टिंबं असतात. एक टिंब ११० अंश, दोन १५०, तीन २००. इस्त्रीचं बटण 'कॉटन'वर नेलंत की तुम्ही तीन टिंबांपाशी पोचलात, आणि मी ते प्रिंट बसवलं १५५ वर. गोंद पुन्हा पातळ होतो, इस्त्री पुढं सरकते आणि चित्राचा कान तिच्याबरोबर जातो. म्हणून इस्त्री उलट्या बाजूनंच करायची. सुलट करणं भागच असेल तर वर बेकिंगचा कागद ठेवून.

कोपरा उचललाच तर तो कात्रीनं कापू नका, दुकानात घेऊन या. लांब असाल तर घरी करता येतं. इस्त्रीचं टेबल मऊ असतं, ते नको. जेवायचा लाकडी पाट जमिनीवर ठेवा, त्यावर चादरीची एक घडी, मग शर्ट. वर बेकिंगचा कागद. इस्त्री मध्यम, वाफ बंद. फिरवायची नाही, कोपऱ्यावर ठेवायची आणि अंगाचा भार देऊन मनात वीस मोजायचे. पूर्ण गार होईपर्यंत बोट लावायचं नाही. हे वीस मोजणं कुणी करत नाही, आठाला उचलून बघतात.

आमच्या गल्लीच्या तोंडाला इस्त्रीवाले काका आहेत, कोळशाच्या इस्त्रीवर काम करतात. तिला बटण नाही, टिंबं नाहीत. काका पाण्याचं बोट लावून चर्र आवाजावर उष्णता ओळखतात. मागं आमचे तीन शर्ट त्यांच्याकडं पोळले आणि तिन्ही गिऱ्हाइकं आधी माझ्याशी भांडली, मग त्यांच्याशी. शेवटी मी टेफ्लॉनचा जुना तुकडा नेऊन दिला, कसा वापरायचा ते दाखवलं. काकांनी तो उलटसुलट करून बघितला, म्हणाले, "पोळीला तेल लागत नसंल ह्याच्यावर." आता छापील शर्ट आला की ते तो उलटा करून घेतात आणि गिऱ्हाइकाला माझंच व्याख्यान ऐकवतात, जरा वाढवून. काल त्यांचा नातू दुकानात आला होता. "आज्जानं सांगितलंय, वहिनींकडनं आणखी एक तुकडा आण. पहिला आज्जीनं सैपाकघरात नेला."