मी केलेला कयफा

वसईच्या आमच्या शाळेत ईस्टरचे नाटक नववीची मुले करीत आणि त्याचा प्रयोग चर्चच्या पटांगणात साऱ्या गावासमोर होई. येशूची भूमिका कोणाला मिळणार, याची चर्चा ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू होण्याआधीच रंगत असे. येशूला दगा देणारा शिष्य यहूदा व्हायलाही मुले तयार असत, कारण त्याच्या वाट्याला पश्चात्तापाचा मोठा प्रवेश येई. येशूच्या मरणाचा आग्रह धरणारा यहूद्यांचा प्रमुख याजक, म्हणजे मुख्य पुरोहित, कयफा मात्र कोणालाच नको असे. मराठीच्या सरांनी तो मला दिला. अभिनयाबद्दल आणि माणसांबद्दलही मला जे काही कळते, त्याची सुरुवात त्या भूमिकेपासून झाली.

खलनायक म्हणजे डोळे वटारायचे आणि गडगडाटी हसायचे, ही तेव्हाच्या गावातल्या नाटकांची रीत होती. सरांनी ती पहिल्याच तालमीत मोडीत काढली. "अरे बाळा, आपण दुष्ट आहोत असे कयफाला वाटत नाही, आपण देश वाचवतो आहोत, असे त्याला वाटते," असे म्हणून त्यांनी बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय आमच्याकडून मोठ्याने वाचून घेतला. सारे राष्ट्र बुडण्यापेक्षा एका माणसाने मरावे हे बरे, असा हिशेब कयफा तेथे सभेत मांडतो. तो हिशेब कोणत्या धास्तीतून आला, हे सरांनी पुढे उलगडून सांगितले. राज्य रोमचे होते, प्रमुख याजकाला नेमणारा आणि काढणारा रोमन सुभेदारच होता, आणि सणाच्या दिवशी घालायचा याजकाचा पोशाखसुद्धा रोमनांच्या ताब्यात असे. अशा परिस्थितीत कयफाने इ. स. १८ ते ३६ या काळात ते पद सांभाळले. वल्हांडण या यहूदी सणाच्या गर्दीत एखादी ठिणगी पडली तर रोमन सैन्य काय करील, याची त्याला कल्पना होती. पुढे इ. स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमेचे मंदिर खरोखरच जमीनदोस्त केले. हे कळल्यावर माझा आवाज आपोआप खाली आला, आणि हळू बोलणारा कयफाच प्रेक्षकांना अधिक भयंकर वाटला.

येशूची चौकशी करताना प्रमुख याजक आपली वस्त्रे फाडतो, हा माझा मुख्य प्रसंग. झगा दर तालमीला फाटणार, म्हणून आईने छातीवरची शिवण कच्च्या धावदोऱ्याने घातली होती. मी गळ्याशी दोन्ही हातांनी हिसका दिला की ती बेंबीपर्यंत उसवत जाई, आणि रात्री कंदिलाजवळ बसून आई ती पुन्हा घाली. कापड फाटल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचला पाहिजे, असा सरांचा आग्रह असल्यामुळे त्यांनी त्या क्षणी पेटी आणि तबला पूर्ण थांबवले होते.

सरांची आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. जुन्या संहितेत जमावाच्या तोंडी 'आम्ही यहूदी' अशी सुरुवात असलेल्या आरोळ्या होत्या. त्या त्यांनी काढून टाकल्या. येशू यहूदी, त्याची आई मरिया यहूदी, शिष्य पेत्रही यहूदी. मग दोष एका जातीवर कसा टाकायचा, असे त्यांनी विचारले. येशूच्या मरणाचा दोष त्या काळच्या सरसकट सर्व यहूद्यांवर किंवा आजच्या यहूद्यांवर लादता येत नाही, हे कॅथोलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट केले होते, आणि सरांनी ते मनावर घेतले होते. अलिबागकडच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणाऱ्या, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या आणि घरात मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल या यहूदी लोकांविषयी मी प्रथम त्याच तालमीत ऐकले. त्यांच्यापैकी कोणी प्रेक्षकांत बसले असेल तर त्यांना मान खाली घालावी लागू नये, असे नाटक आपण करायचे, असे सर म्हणाले. जर्मनीतील ओबरआमरगाऊ गावात १६३४ पासून होणाऱ्या येशूच्या दुःखसहनावरील प्रसिद्ध नाट्याची संहिताही याच कारणासाठी अलीकडच्या दशकांत बदलावी लागली, हे पुढे वाचले तेव्हा आमच्या सरांची दृष्टी किती पुढची होती ते उमगले.

१९९० साली यरुशलेमेजवळ कयफाचे नाव कोरलेली अस्थिपेटी सापडली. तिचे छायाचित्र मी कापून त्या संहितेच्या वहीत चिकटवले आहे. यंदाच्या महोत्सवात ते नाटक पुन्हा बसवण्याचा विचार असल्याचे ऐकतो. वही मी आनंदाने शाळेच्या स्वाधीन करीन; वेळेअभावी काही प्रवेश गाळावे लागले तरी कयफाचे सभेतील भाषण मात्र पूर्ण ठेवावे, एवढी समितीला माझी विनंती आहे.